पुंजाभाऊंची पंचगिरी

या, असे जवळ सरका. गुडघ्याला गुडघा लागला तरी हरकत नाही. देवाच्या दारी ऐकलेल्या गोष्टी पुष्कळ सांगून झाल्या. आज एका खेळाच्या टेबलापाशी पाहिलेली सांगतो. तीही प्रसादासारखी हातावर घ्या.

आमचे पुंजाभाऊ विधाते मखमलाबादचे. घरची गुलाबाची, शेवंतीची शेती. पहाटे फुलं बाजारात, मग दुकानोदुकानी हार पोचवणं, आणि एकादशीला मंडळाच्या कीर्तनात टाळ. असा टाळकरी मी दुसरा पाहिला नाही. बुवांच्या मागं हातभरावर उभे राहायचे. बुवा डावीकडं सरकले की भाऊ डावीकडं, बुवा झुकले की भाऊ झुकलेच. बुवांनी श्वास घेतला तरी यांना कळायचं, आता चाल बदलणार.

कॉलेज रोडला पूल नावाच्या खेळाचा हॉल निघाला. तिथल्या गणपतीला रोजचा हार भाऊंचा. हार घालून झाला की तासभर बघत उभे. खेळ तसा सोपा : काठीनं पांढरा बॉल मारायचा, त्यानं आपले सात बॉल टेबलाच्या कडेच्या पॉकेटात घालायचे आणि शेवटी काळा. पण पांढरा आधी कुणाला लागला यावरून पोरांची रोज हमरीतुमरी. एकदा भाऊ सहज म्हणाले, "आधी पिवळ्याला लागला, मग लालला." भांडणाऱ्या दोघांनीही ते मानलं. तेव्हापासून वाद झाला की हाक यायची, "हारवाले काका, तुम्ही सांगा!" भाऊंनी नियमांचं पुस्तक आणवलं, पुतण्याकडून मराठीत समजून घेतलं आणि पाठ केलं.

बुवांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "पुंजाजी, या वयात कुठल्या नादाला लागलात?"

"बुवा, तिथं एक बरं आहे," भाऊ म्हणाले, "कितीही ताठ गडी असो, टेबलापुढं वाकावंच लागतं."

बुवा इतके हसले की चिपळ्या खाली ठेवाव्या लागल्या.

दोन हजार पाच साली पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात हौशी खेळाडूंची मोठी स्पर्धा भरली. एकशे अठ्ठावीस खेळाडू, आठ टेबलं, तीन दिवस. भाऊ पंच होते, मी फळ्यावर गुण लिहायला. भाऊंच्या मनात एकच होतं : राज्याच्या पंचांचा बिल्ला. पुण्याहून परीक्षक साहेब आले होते. अंतिम सामना चोख सांभाळला तर बिल्ला मिळणार होता. नवा पंच पंचावन्नाच्या आतलाच घेत, आणि भाऊंना चोपन्न पुरी झाली होती. म्हणजे ही शेवटचीच संधी. त्या दिवशी त्यांनी शर्टाला घरी दोनदा इस्त्री करवून घेतली.

अंतिम सामन्यात एकीकडं गंगापूर रोडचा स्वराज, दुसरीकडं देवळ्याची दीपमाला, इथं इंजिनिअरिंगला शिकणारी. एवढ्या खेळाडूंत शेवटपर्यंत टिकलेली ती एकटीच मुलगी. गुण बरोबरीत, शेवटचा डाव. तिचा फक्त काळा उरलेला. स्वराजचा एक बॉल आणि काळा.

काळा लांबच्या कोपऱ्यात होता. दीपमाला टेबलावर पार आडवी झाली, एक पाय मागं ताणला, आणि तो पाय लागला भाऊंना. आपल्याकडं वडीलधाऱ्याला पाय लागला की काय होतं, सांगायला नको. पोरगी झटक्यात वळली, वाकून भाऊंच्या पायाला हात लावला, तो कपाळाला नेला. हे सगळं एका क्षणात, विचार न करता. दुसऱ्या हातातली काठी तेवढ्यात फिरली आणि स्वराजचा बॉल चार बोटं सरकला.

"फाऊल!" स्वराजच्या मित्रांनी गलका केला.

फाऊल म्हणजे पांढरा बॉल स्वराजच्या हातात, वाटेल तिथं ठेवून मारायला. सामना संपल्यातच जमा. दीपमालाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "काका, माझीच काठी लागली. द्या फाऊल."

मधे तिचं अंग होतं, त्यामुळं भाऊ किती जवळ उभे होते ते साहेबांना दिसलं नव्हतं. मला फळ्याजवळून दिसलं. भाऊंनी एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या बुटांकडं. टेबलापासून दोन पावलं मागं उभं राहायचं, हे त्यांनीच मला दहादा म्हणून दाखवलं होतं. आणि ते उभे होते हातभरावर, कीर्तनात उभे राहतात तसे.

"फाऊल नाही," भाऊ मोठ्यानं म्हणाले. "पंच खेळाडूच्या वाटेत उभा होता. चूक माझी. बॉल होता तिथं ठेवून हिनंच मारायचं."

"काका, ती पाया पडली म्हणून पाघळलात की काय?" मागून कुणीतरी टोमणा मारला. हॉल हसला. भाऊ नाही हसले. त्यांनी बॉल उचलून ठेवला आणि विचारलं, "स्वराजभाऊ, इथंच होता ना?"

स्वराज जवळ आला. बॉल होता त्याहून थोडा आत ठेवला गेला होता, काळ्याच्या वाटेत. तसाच राहिला असता तर त्याचाच फायदा. त्यानं टेबलापुढं वाकून पाहिलं. मग म्हणाला, "नाही काका. दोन बोटं अलीकडं घ्या." वाट मोकळी झाली.

दीपमालानं मारलं. काळा पॉकेटाच्या ओठावर जाऊन थांबला. स्वराजनं दोन्ही बॉल घातले आणि जिंकला. मग आधी तिच्याशी हात मिळवला, आणि नंतर मित्रांकडं गेला.

साहेबांनी भाऊंना बाजूला घेतलं. "निर्णय नियमाला धरून होता. पण अंतिम सामन्यात पंच खेळाडूला आडवा आला, हे मला लिहावं लागेल. बिल्ला देता येणार नाही."

"लिहा साहेब," भाऊ म्हणाले. "खरंच आहे ते."

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "भाऊ, ती स्वतः कबूल झाली होती. गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं?"

"अरे, माझ्या पायाला हात लावत होती पोरगी," ते म्हणाले. "त्याची शिक्षा तिला देऊ?" आणि चष्मा काढून पुसत बसले. मीही मग दुसरीकडं पाहिलं.

भाऊ दोन हजार नऊच्या माघात गेले. बिल्ला नाही, फोटो नाही, कुठल्या यादीत नाव नाही. म्हणून तुमच्याकडं एवढंच मागतो : आज निजण्याआधी देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्या शेजारी एकदा पुंजा विधाते म्हणा.