फ्रीजच्या दारावरची म्हैस

शाहूपुरीतल्या ‘नागाप्पा अँड सन्स’ या दुकानाच्या पाटीवर मुलगे होते, दुकानात मात्र एकही नव्हता. नागाप्पांचा एकुलता एक सोमशेखर बेळगावला कारखान्यात रमलेला; मिक्सर-गिझरचा विषय निघाला की त्याला जांभया सुटायच्या. दुकान चालवायची त्याची बायको, रुद्राणी. आणि चालवायची म्हणजे कशी, तर बघत राहावं. गिऱ्हाईक पायरी चढतं न चढतं तोच तिला कळायचं, हा आज घेऊन जाणार आणि हा नुसता पंख्याचा वारा खायला आलाय. म्हातारे नागाप्पा गल्ल्यावर बसून सुनेचं कौतुक तिच्या तोंडावर कधी करायचे नाहीत, पण तिची पाठ वळली की येईल त्याला धरून सांगायचे.

२००२ सालच्या दसऱ्याच्या तोंडावर मुंबईच्या एका कंपनीचा राजवीर नावाचा तरुण साहेब टेम्पोतून एक फ्रीज घेऊन दुकानात उतरला. साधासुधा फ्रीज नव्हे. दारावर टीव्हीसारखा पडदा, मागं टेलिफोनची वायर जोडायची सोय. रोज सकाळी हा फ्रीज आपला आपण फोन लावणार, इंटरनेटवरून जाहिराती ओढून घेणार आणि दिवसभर दारावर दाखवत बसणार. साबणाची जाहिरात आली आणि घरातला साबण संपला असला, तर खालचं हिरवं बटण दाबायचं. ऑर्डर मुंबईला जाणार, मुंबईहून गावातल्या दुकानदाराला फोन येणार आणि साबण घरपोच.

“म्हणजे कोपऱ्यावरचा साबण मुंबईला जाऊन येणार की,” नागाप्पा म्हणाले.

राजवीर कसनुसं हसला. मग रुद्राणीकडे वळून म्हणाला, “मॅडम, चार शहरांत थोडी थोडी घरं निवडलीत. कोल्हापुरात एकच. दिवाळीपर्यंत त्या घरात हा रुळला, माणसं बटण दाबायला लागली, तर जिल्ह्याची एजन्सी तुमची. नाहीतर आम्ही सांगलीला जातो.”

सांगलीला म्हटल्यावर रुद्राणीनं हातातलं काम खाली ठेवलं. आजवर या दुकानाला कुणी एजन्सी दिली नव्हती. माल दुसऱ्याकडून उचलायचा, अटीही दुसऱ्याच्या ऐकायच्या, आणि वर सणासुदीला तो सांगेल तेवढाच माल घ्यायचा. तिला ती एजन्सी हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. पाटीवर ‘जिल्ह्याचे अधिकृत विक्रेते’ हे शब्द कुठल्या रंगात शोभतील, हेसुद्धा तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

“घर मी निवडणार,” ती म्हणाली, आणि तिनं निवडलं उत्तरेश्वर पेठेतल्या चिमणाबाईचं.

नागाप्पांनी कपाळाला हात लावला. चिमणाबाई म्हणजे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं मोठं प्रस्थ. रोज संध्याकाळी तिच्या म्हशी कट्ट्यावर उभ्या राहायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार निघायची आणि फेसाचा पेला हातात यायचा. तिच्या दुधावर दोन पिढ्यांतले पैलवान पोसले होते. आणि तोंड असं, की कट्ट्यावर ती बोलायला लागली तर पलीकडच्या गल्लीतली माणसं खिडक्या उघडायची.

“अव्वा, अगं ती बाई टीव्हीतल्या माणसालाबी उलटून बोलती,” नागाप्पा म्हणाले. सुनेला ते कानडी रीतीनं अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे.

“म्हणूनच, अप्पा. तिच्या घरात टिकला तर कोल्हापुरात कुठंबी टिकंल.”

चिमणाबाईनं पदर खोचून फ्रीजला एक चक्कर मारली. “फुकट देतायसा म्हणून बाटायची न्हाय मी. माझ्या घरात चार माणसं येत्यात. काय वंगाळ दिसलं तर?”

“मावशी, शब्द देते,” रुद्राणी म्हणाली. “तुमच्या घराला शोभणार न्हाय असं काय दिसलं, तर मी सवता येऊन ह्यो उचलून नेते.”

नागाप्पांच्या दुकानातला शब्द म्हणजे काय, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. चिमणाबाईनं मान हलवली.

राजवीरचं म्हणणं, फ्रीज स्वयंपाकघरात ठेवावा. चिमणाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. एवढा देखणा फ्रीज चुलीपाशी धूर खायला ठेवायचा व्हय? फ्रीज सोप्यात बसला, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसेल असा. दारावर कुंकवाचं स्वस्तिक आलं, पुढं नारळ फुटला, डोक्यावर क्रोशाचा रुमाल आला. मग राजवीरनं वायर जोडली, फ्रीज जरा कुरकुरला आणि पडद्यावर साबण दिसायला लागला.

पहिले दिवस नुसती जत्रा. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्यासारख्या यायच्या, आळीपाळीनं बटण दाबायच्या. साबण आला, बिस्किटं आली, पापड आले. तेवढं फ्रीज सकाळी बोलायला लागला की घरचा फोन अडकून बसायचा, पण चिमणाबाईला त्याचं काही नव्हतं. ज्याला तिच्याशी बोलायचंय त्यानं कट्ट्यावर यावं. राजवीर मुंबईहून फोनवर सांगायचा, “मॅडम, तुमचं घर सगळ्यांत पुढं आहे.” रुद्राणी म्हणायची, “असणारच.”

आणि दिवाळी आठवड्यावर आली असताना एक दिवस भर दुपारी चिमणाबाई दुकानात शिरली. चेहरा लाल, श्वास चढलेला. गिऱ्हाइकं आपोआप बाजूला झाली.

“रुद्राणी, माझ्या घरात सवत आणून बसवलीस की गं.”

रुद्राणीला काही कळेना. तिनं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. चिमणाबाई बसली नाही, पाणीही घेतलं नाही. मग हळूहळू उलगडलं. सकाळपासून फ्रीजच्या दारावर दुधाच्या पाकिटाची जाहिरात लागली होती. गोरीपान बाई, हातात पाकीट, आणि वर मोठ्या अक्षरांत, ‘उघड्यावरचं दूध कशाला? शुद्ध हवं, तर पाकिटातलं.’ आणि नेमके त्याच वेळी हंबीरराव पैलवान चहाला आले होते. कट्ट्यावर तिच्या हातचा पेला घेतल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नसे. सोप्यात बसून त्यांनी ते सगळं सावकाश वाचलं आणि विचारलं, “चिमणाबाई, आता तुमीबी पाकीट घ्याय लागलायसा व्हय?”

“आख्ख्या गंगावेशीत बोभाटा झालाय,” चिमणाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “माझी सासू ह्या दुधावर जगली, मी जगले. आन् माझ्याच सोप्यात, माझ्याच लायटीवर चालून, त्यो मला उघड्यावरची म्हणतोय. लाज वाटली गं मला.”

रुद्राणीला चपराक बसल्यासारखं झालं. शब्द तिनं दिला होता. दारावर काय येणार, हे तिनं राजवीरला एकदाही विचारलं नव्हतं. साबण-बिस्किटं बघितली आणि खुशाल राहिली.

“मावशी, उद्या सकाळी साहेब यायचाय. तवर पडद्यावर चादर टाका. उद्या एकतर ती बाई जाईल, न्हायतर फ्रीज जाईल.”

चिमणाबाई गेली. नागाप्पा गल्ल्यावरून सगळं ऐकत होते, ते एवढंच म्हणाले, “सांगलीवाले टपून बसलेत, अव्वा.”

“बसू देत, अप्पा.”

दुसऱ्या दिवशी राजवीर लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून चिमणाबाईच्या सोप्यात आला, तर फ्रीजवर सोलापुरी चादर आणि शेजारी हाताची घडी घालून दोन बायका. सोबतीला आलेले नागाप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत. रुद्राणीनं झालेलं सांगितलं. राजवीरनं मान डोलावली, वाईट वाटलं म्हणाला, पण पुढं म्हणाला, “मॅडम, जाहिरात कुठली लावायची हे घरातली माणसं ठरवत नसतात. ते कंपनी ठरवते.”

“असं व्हय? जरा बाहेर या.”

तिनं त्याला रस्त्यावर नेलं आणि घराची भिंत दाखवली. भिंतीवर पेंडीची जाहिरात होती, गुंडू पेंटरनं रंगवलेली, पिवळ्यावर लाल अक्षरं.

“ही कुणी लावली, ठाऊक हाय? गुंडू पेंटर. आधी दारात आला, चहा प्याला, काय रंगवणार ते मावशीला सांगितलं. मावशी व्हय म्हणाली तवा ब्रश बुडवला. आणि जाताना उरलेल्या सगळ्या घराला चुना मारून दिला. आमच्यात भिंत वापरायची अशी रीत हाय. ही तर बाहेरची भिंत. तुमी घरात, देवाच्या फोटोसमोर येऊन बसलायसा, आणि घरच्या बाईला विचारत न्हाई?”

राजवीर भिंतीवरची अक्षरं वाचायला लागला. रुद्राणी थांबली नाही. “आता मी सांगते ते ऐका. ती बाई आजच्या आज दारावरून उतरली न्हाई, तर फ्रीज आत्ता टेम्पोत चढतो. एजन्सी खुशाल सांगलीला न्या. मला नको.”

बोलली खरी, पण पाटीवरचे ते शब्द डोळ्यांसमोरून गेले. तरी तिनं नजर हलवली नाही.

राजवीरनं उघड्या दारातून आतल्या चादरीकडं बघितलं आणि उंबऱ्यावरच टेकला. “खरं सांगू का, मॅडम? पुण्यात माणसांनी पडद्यावर टॉवेल टाकलेत. नाशकात बाळाचे कपडे वाळत घालतात. पंधरा दिवस झाले, कुणी बटणाला हात लावलेला नाही. तुमचं घर गेलं तर माझंही काही खरं नाही.”

“मग लोकांना बघावंसं वाटंल असं कायतरी दाखवा की,” चिमणाबाई आतून म्हणाली.

“काय दाखवू?”

“माझी म्हैस दाखवा.”

राजवीरला वाटलं, चेष्टा करते. पण रुद्राणीच्या डोक्यात लख्ख पडलं. तिनं त्याला कॅमेरा काढायला लावला आणि गोठ्यात नेलं. म्हशीला आंघोळ झालेली, शिंगांना तेल लावलेलं, कातडी चकाचक. चिमणाबाईनं खाली बसून धार काढली, पेल्यावर फेस चढला, राजवीरनं फोटो घेतला. खालची ओळ चिमणाबाईनं सांगितली, रुद्राणीनं दुरुस्त न करता तशीच घालायला लावली: ‘डोळ्यांदेखत धार. पेला घेऊन या. चिमणाबाई, गंगावेस, कोल्हापूर.’

“एक अडचण आहे,” राजवीर लॅपटॉपवर बोट धरून म्हणाला. “एकाच दारावर पाठवायची सोय नाही. गेली तर सगळ्या शहरांत जाईल. साहेब माझी चामडी लोळवतील.”

“जाऊ दे की,” रुद्राणी म्हणाली. “चांगलं हाय ते चार लोकांनी बघितलं तर काय बिघडतंय?”

राजवीरनं डोळे मिटून लॅपटॉपचं बटण दाबलं, मग फ्रीजला सकाळची वाट न बघता फोन लावायला लावला. फ्रीज कुरकुरला, गोरी बाई गेली आणि दारावर चिमणाबाईची म्हैस आली. चिमणाबाईनं आधी पदरानं पडदा पुसला, मग म्हशीच्या कपाळावर कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा फोन वाजला. पलीकडं राजवीर होता, आणि तो एका दमात सांगत सुटला. पुण्यात, नाशकात, मुंबईत टॉवेल निघाले होते. म्हैस बघायला पोरं फ्रीजपुढं बसली होती, म्हातारी माणसं आठवणी काढत होती, आणि सगळ्यांनी बटण दाबलं होतं. आजवर मिळून दाबलं नव्हतं तेवढं एका सकाळी. त्याचे साहेब विचारत होते, ही चिमणाबाई कोण, आणि हा माल पुण्याला कसा पोचवायचा?

रुद्राणीनं निरोप कट्ट्यावर पोचवला. चिमणाबाई पेला भरता भरता म्हणाली, “त्यास्नी सांग, म्हैस तारंतून जात न्हाय. पायजे त्यानं हितं यायचं.” शेजारी हंबीरराव पैलवान मिशीवरचा फेस पुसत होते. ते म्हणाले, “आन् रांगंत उभं ऱ्हायचं. माझ्या मागं.”

एजन्सी कोल्हापुरालाच आली. रुद्राणीनं एकच अट घातली: जिल्ह्यात फ्रीज ज्याच्या घरी जाईल, त्या घरच्या बाईला विचारल्याशिवाय दारावर काही लागणार नाही. साहेबांनी कुरकुरत मान्य केलं. राजवीर पेढे घेऊन उत्तरेश्वर पेठेत गेला, तर चिमणाबाईनं पेढा तोंडात टाकला आणि भिंतीकडं बोट केलं.

“आन् पावणं, चुना?”

दिवाळीच्या आदल्या दिवशी राजवीरसाहेब बाह्या सरसावून चिमणाबाईच्या घराला चुना मारत होते. गुंडू पेंटर खाली उभा राहून कुठला कोपरा राहिला ते दाखवत होता. रुद्राणी आणि नागाप्पा पायरीवर बसून चहा पीत होते. नागाप्पांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

“छलो माडिदी, अव्वा,” ते म्हणाले. म्हणजे, चांगलं केलंस. घरात मनातलं काही बोलायचं झालं की ते कानडीवर जात. पण आज ते तिच्या तोंडावर म्हणाले होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

रुद्राणी हसली. “मिळाली शेवटी एजन्सी, अप्पा.”

“त्याचं न्हाय म्हणत मी,” नागाप्पा म्हणाले. “मिळायच्या आधी सोडलीस, त्याचं म्हणतोय.”

रुद्राणीनं त्यांच्या बशीत अजून थोडा चहा ओतला.