बॅटरीचं गाऱ्हाणं

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. घरच्यांना माहीत आहे, बोरिवलीच्या माझ्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही माहीत आहे. पण त्या आठवड्यात ते तापलं ते पोटच्या पोरीमुळे.

मालवणकडच्या आमच्या वाडीचं मुंबईत मंडळ आहे. दर जानेवारीत गोरेगावच्या एका हॉलमध्ये स्नेहसंमेलन होतं. हळदीकुंकू, पोरांचे नाच, कोंबडीवडे आणि मुलांची वादविवाद स्पर्धा. विषय मंडळाचे अध्यक्ष धोंडूकाका ठरवतात, आणि स्वतःला ज्याचा त्रास होतोय तोच ठरवतात. गेल्या वर्षी पार्किंग होतं. यंदा त्यांच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना, म्हणून विषय आला, 'मोबाईलची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आलीच पाहिजे, असा कायदा असावा का?' बाजू चिठ्ठ्या टाकून ठरतात. नववीतल्या माझ्या रुचिराला चिठ्ठी आली, 'असावा'.

"चिठ्ठी बदलून घे," मी म्हणालो.

"का?"

"का म्हणजे? दहा गिऱ्हाइकं आली तर सात बॅटरीची असतात. कंपन्या फोन गोंद लावून बंद करतात, म्हणून आपलं दुकान उघडं आहे. आणि तू स्टेजवर जाऊन बापाच्या दुकानाला कुलूप लावणार?"

"बाबा, मी बोलले म्हणून दिल्लीत लगेच कायदा होणार आहे का?"

मुद्दा बरोबर होता, म्हणून मी आणखी चिडलो. संध्याकाळी ती आतल्या खोलीत तयारी करत होती. "साधी बॅटरी बदलायला आपल्याला दुसऱ्याच्या दारात ताटकळावं लागतं," हे वाक्य माझ्या कानावर पडलं. दुसऱ्याचं दार म्हणजे माझंच ना! तीन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. खरं सांगायचं तर राग कमी आणि भीती जास्त होती. लोकांची अडवणूक करणं हाच आपल्या बापाचा धंदा, असं पोरीला वाटतं की काय, ही भीती.

"चेडवावर कित्याक रुसतस रे?" आये म्हणाली. चेडू म्हणजे पोरगी, आये म्हणजे माझी आई. तिच्याकडे बटणांचा जुना फोन आहे. गावी लाईटचा भरवसा नसायचा, तेव्हापासून ती पानाच्या चंचीत सुपारी, चुना आणि एक चार्ज केलेली जादा बॅटरी ठेवते. मुंबईत येऊन पाच वर्षं झाली, पण जादा बॅटरी चार्ज करून चंचीत ठेवायची सवय काही सुटली नाही.

संमेलनाची सुरुवात नेहमीसारखी गाऱ्हाण्याने झाली. धोंडूकाका हात जोडून गावच्या देवाला मागणं मागतात आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आम्हाला झोपेतून उठवून कुणी गाऱ्हाणं सुरू केलं, तरी तोंडातून आधी 'व्हय म्हाराजा' निघेल आणि मग डोळे उघडतील.

रुचिराच्या विरुद्ध सौरभ होता, अकरावीतला, बोलायला तरबेज. "फोन पक्का बंद असतो म्हणून पाण्यात पडला तरी वाचतो," तो म्हणाला. "आणि बॅटरी बदलायची तर आपले देवदत्तकाका आहेत की! दहा मिनिटांचं काम. त्यासाठी कायदा कशाला? काका, या ना वर, दाखवा!"

त्याने माझ्याकडे बोट केलं. हॉलभर टाळ्या. धोंडूकाकांची नवी बॅटरी मी बरोबर आणलीच होती, जेवणानंतर बदलून देणार होतो. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि स्टेजवर गेलो. रुचिरा माझ्याकडे बघत होती. हळू काम केलं तर पोरगी जिंकणार, झपाट्याने केलं तर दुकान. माझ्या मनात काय चाललंय ते तिला कळत असणार.

नाचाच्या मुलींचा हेअर ड्रायर मागून घेतला. फोनची पाठ गरम केली, गोंद सुटायला लागल्यावर पातळ पट्टी आत सरकवली. मुद्दाम ढिलाई करावी असं एकदा मनात आलं, पण हातांना ते जमेना. बरोबर नऊ मिनिटांत फोन चालू झाला. हॉलने शिट्ट्या वाजवल्या. सौरभने तर मला वाकून नमस्कार केला. मीही छाती फुगवून बाजूला उभा राहिलो.

"आजी, जरा वर ये गं," रुचिरा म्हणाली.

आये आली. चंची सोडली, बॅटरीला लागलेला चुना पदराला पुसला, नखाने फोनचं झाकण उचकटलं. वीस मोजायच्या आत फोन चालू. "आता कायदो करा नायतर करू नका," ती माईकमध्ये म्हणाली, "माका पान खावंदे."

हसू थांबल्यावर रुचिरा बोलायला लागली.

"नऊ मिनिटं. बाबांपेक्षा लवकर अख्ख्या बोरिवलीत कोणी करत नाही. पण तुम्ही हे आज पाहिलंत, मी रोज शाळेतून येताना बघते. माझे बाबा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेत. बाकीच्यांनी 'गेला' म्हणून परत पाठवलेला फोन ते मायक्रोस्कोपखाली धरून जिवंत करतात. ते करताना गुणगुणत असतात, त्यांना स्वतःला माहीत नाही. गोंद खरवडताना कधीच गुणगुणत नाहीत. आणि दिवसभर गोंदच खरवडत असतात, गुणगुणायचं काम कपाटात पडून राहतं. जे माझ्या आजीला जमतं, त्यात माझ्या बाबांचे हात कशाला अडकवायचे?"

तीन दिवस मी जिच्यावर फुगून बसलो होतो, ती माझंच मागणं मागत होती.

वेळ संपत आल्याची घंटा झाली. रुचिराने हात जोडले आणि धोंडूकाकांच्याच सुरात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां हय जमली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल.

"जेचो फोन, तो तेच्याच हातान उघडांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सौरभचाही आवाज होता.

"आणि माझ्या बापाशीच्या हातांका तेंच्या लायकीचा काम गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो. आयेने चमकून माझ्याकडे पाहिलं.

"काका, ही चीटिंग आहे यार!" सौरभ परीक्षक असलेल्या धोंडूकाकांकडे धावला.

"तू पण 'व्हय' म्हटलंस ना रे?"

"ते सवयीने!"

"मी पण म्हटलं. झाला निकाल. चला, वडे थंड होतायत."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. कायदा अर्थातच झालेला नव्हता, पहिली तीन गिऱ्हाइकं बॅटरीचीच आली. चौथ्याला मी अर्ध्या तासाने यायला सांगितलं आणि कपाटातून दोन महिने पडलेला एक मेलेला फोन काढून मायक्रोस्कोपखाली घेतला. किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तर शाळेचं दप्तर घेऊन रुचिरा काउंटरपाशी उभी होती.

"काय गं, कधी आलीस?"

"मघाशीच," ती म्हणाली. "तुम्ही गुणगुणत होता, म्हणून हाक नाही मारली."