मानाची मुंडी

उंटाच्या दोन वशिंडांच्या मधोमध काळा सूर्य बसवलेला तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. शाळेच्या पुस्तकात होता, काडेपेटीवरही होता. खाली नाव सपारगलीचं. फोटो माझा. उंट माझ्या सासऱ्याचा.

अडुसष्टच्या खग्रास ग्रहणाला मी आणि सपारगली, एका वयाचे दोघं कॅमेरेवाले, ट्रकच्या मागे बसून चार दिवस माळ तुडवत गेलो. अंधार जेमतेम अर्धा मिनिट होता. तेवढा वेळ उंट हलू नये म्हणून मी त्याच्या कानात माझ्या सगळ्या पापांची कबुली देत होतो. ऐकताना त्याने पापणीसुद्धा हलवली नाही. सपारगलीच्या कॅमेऱ्यात मात्र रीळ अडकलं. परतताना स्टेशनवर तो हातात तार घेऊन हमसून हमसून रडायला लागला. बाप गेला म्हणे. मीही रडलो, माझा कोट त्याच्या अंगावर घातला, आणि तो शहरावरूनच जाणार म्हणून माझं रीळही धुवायला त्याच्याकडे दिलं.

दोन महिन्यांनी फोटो मासिकात आला, त्याच्या नावानं. पुढल्या वर्षी बाजारात त्याचा बाप भेटला, खरबुजं विकत बसलेला. आपल्या पोराचा दोस्त म्हणून म्हाताऱ्यानं मला एक खरबूज फुकटच दिलं. ते मी खाल्लं खरं, पण बारा वर्षं पचलं नाही.

मग बातमी आली की पुढचं खग्रास आमच्याच उन्हाळी मुक्कामावरून जाणार. मी सपारगलीला पत्र लिहिलं: टेकडी आहे, आभाळ निरभ्र असतं, ये. चोराला वाटतं, जग आपल्यापेक्षा विसराळू आहे. तो आला. तीन कॅमेरे, त्यातल्या एकाची लेन्स तोफेएवढी. टेकडीवर त्यानं तिन्ही तिपाया रोवल्या, लेन्सवर काळ्या काचा चढवल्या, आणि त्या ऐन अंधारात काढायच्या असतात हे मलाच शिकवलं.

सूर्याला पहिला चावा बसला तेव्हा पूर्ण अंधाराला तास होता. माझ्या तंबूत आमच्या मुक्कामाचे वडीलधारे, दोस्मुहम्बेत आक्साकाल, येऊन बसले होते. वय ब्याण्णव, दाढी बेंबीपर्यंत. त्यांनी पाहुण्याला आत बोलावलं. पांढऱ्या दाढीनं हाक मारली की आमच्यात घोड्यावरचा माणूसही उतरतो. दोन घास खाऊन निघतो म्हणत सपारगली आला. मेंढा पहाटेच कापला होता, पण चुलीत गोवऱ्या ओल्या बघून घाल असं मी बायकोला, कुल्यानला, सांगून ठेवलं होतं. तोवर चहा. मानाच्या पाहुण्याची वाटी अर्धीच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येते. सपारगलीच्या अकरा वाट्या झाल्या.

परातीत उकडलेली मुंडी आली तेव्हा पाव तास उरला होता. मी ती त्याच्यासमोर ठेवली. मुंडी मानाच्या पाहुण्यानं कापायची, सगळ्यांना वाटायची, मग दुवा होतो, आणि त्याआधी कोणी उठत नाही. सुटका एकच. ज्याचा बाप हयात आहे त्यानं मुंडीला सुरी लावायची नाही; लावली तर जिवंत बापाला पुरल्यासारखं होतं.

सपारगली हसला. "आक्साकाल, माफ करा. माझे वडील हयात आहेत."

आक्साकाल परात दुसऱ्याकडे फिरवायला लागले. मी हळूच म्हणालो, "सापेके," आदरानं नाव आखडायची आमची रीत आहे, "हयात कसे? अडुसष्टला स्टेशनवर तू त्यांची तार दाखवलीस. माझा कोट अजून तुझ्याकडेच आहे."

आक्साकाल थांबले. "मग गेलेत की आहेत? माणूस दोन्हीपैकी एकच असतो, बाळ."

हयात म्हणावं तर तार उघडी पडते, तारेमागून रीळ, रिळामागून उंट. आणि तंबूतला प्रत्येक जण त्याच उंटाच्या आईचं दूध प्याला होता. सपारगलीनं माझ्याकडे पाहिलं, मग छताच्या गोल झरोक्याकडे. उजेड जस्तासारखा करडा होत चालला होता.

"गेले," तो म्हणाला, आणि सुरी उचलली.

इतक्या घाईनं मुंडी कापलेली मी पाहिली नाही. एक कान तर तोडायचाच राहिला. सगळ्यांचं वाटून झालं तसे आक्साकालनी दुव्यासाठी तळवे पसरले. सगळ्यांनी पसरले. दुवा संपेपर्यंत हलायचं नसतं. आक्साकालना मी कटातलं काहीच सांगितलं नव्हतं. पाहुणा लांबून आलाय, त्याला दुवा भरघोस हवा, एवढंच कानावर घातलं होतं. त्यांचा दुवा सुरू होताना जन्मलेलं शिंगरू आमेनपर्यंत खोगिराला येतं.

अंधार पडला. बाहेर कुत्रं विव्हळलं, लोक ओरडले. टेकडीवर तीन कॅमेरे काळ्या काचा लावून आंधळ्यासारखे आभाळाकडे बघत राहिले. मी कोपऱ्यात उभा होतो. एक तळवा दुव्याला पसरला, दुसऱ्या हातानं कुल्यानच्या शालीखाली लपवलेल्या माझ्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि पुरतं दीड मिनिट उघडं ठेवलं. आक्साकाल तेव्हा सपारगलीच्या सातव्या पिढीतल्या उंटिणींसाठी दूध मागत होते.

फोटो लख्ख आला. पसरलेले तळवे, झरोक्याकडे वळलेले डोळे, पुढ्यात एका कानाची मुंडी. इतका निश्चल माणूस मला पुन्हा टिपता आला नाही.

ग्रहण मात्र मी पाहिलं नाही. कुल्याननं पाहिलं. सूर्याभोवती काय दिसलं ते ती भांडणात अर्धंच सांगते आणि चूल सारवायला निघून जाते. जाऊ दे.

त्या फोटोच्या दोन प्रती काढल्या. एक दुकानाच्या काचेत लावली. दुसरी त्याच्या बापाला पाठवली, मागे लिहिलं, "पाहुण्यानं स्वतः कापली." महिन्याभरानं म्हाताऱ्याकडून दोन खरबुजं आली आणि एक चिठ्ठी: "त्याला कळवा, मी वारलो."

मी पोस्टात गेलो आणि सपारगलीला तार केली. स्टेशनवरच्या तारेत होता तोच मजकूर, मला पाठ होता.

आठ दिवसांनी टपालानं माझा कोट आला. रिळासाठी खिसे तपासले. रिकामे होते.