कागदाची मागची बाजू

वसिलाला ऑनलाइन इतिहास शिकायचं वेड लागलं तेव्हा मेदेआ गावातली अख्खी गल्ली तिला हसली. तिनं मनावर घेतलं नाही. चाळिशीत, तीन पोरं सांभाळून रोज अल्जियर्सच्या विद्यापीठात कोण जाणार? इथं कुसकुस वाफेवर ठेवून व्याख्यानं ऐकता यायची. फ्रेंच पोलिसांचे जुने कागद बघायला पूर्वी समुद्र ओलांडावा लागे, ते आता मोबाइलवर उघडायचे.

त्याच कागदांत शेजारच्या झुलिखा खालाच्या वडिलांचं नाव सापडलं. स्वातंत्र्यलढ्यात तिचे वडील सी तय्यब पकडले गेले होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कागद सांगत होता: ‘चौथ्या दिवशी कैद्याने सात साथीदारांची नावे सांगितली. नावे पाठीमागे.’

गप्प बसता आलं असतं. पण वसिलाच्या अंगात नवी विद्या संचारली होती. तिनं जाऊन खालाला वाचून दाखवलं.

“अगं, ती आधीच मेलेल्यांची नावं होती,” खाला म्हणाली. “बाबाच सांगायचे.”

“असं सगळेच सांगतात, खाला. पुरावा काय?”

खाला उठून आत गेली.

आठवड्याभरानं वसिलाच्या निबंधावर प्राध्यापिकाबाईंचा शेरा आला: ‘नावे पाठीमागे, असं कागदच सांगतोय. मग मागची बाजू कुठे आहे? हातात कागद असता तर उलटून पाहिला असता ना?’

वसिलानं मोबाइल पुन्हा उघडला. ऑनलाइन फक्त पुढचीच बाजू होती, आणि तेवढ्यावर तिनं निकाल देऊन टाकला होता. तिनं दफ्तरखान्याला विनवण्या केल्या, तेव्हा मागच्या बाजूचा फोटो आला. सात नावं, आणि खाली अधिकाऱ्याची चिडकी ओळ: ‘सातही जण आधीच मेलेले आहेत. कैदी आपली थट्टा करतो आहे. पुन्हा चौकशी करावी.’ फ्रेंच पोलिसांची चौकशी म्हणजे काय, हे मेदेआत शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

खरं तर खालाला तो कागद वाचून दाखवताना वसिलाला आनंद झाला होता. म्हातारीपेक्षा आपल्याला जास्त कळतं, याचा. तो आठवून तिला आता स्वतःची किळस आली.

खाला दर शुक्रवारी सकाळी वडिलांच्या कबरीवर जायची; त्या शुक्रवारी वसिला त्याच वेळी तिच्याकडे गेली. खालानं ती ओळ दोनदा वाचून घेतली.

“थट्टा करतोय म्हणे!” ती खुदकन हसली. “शोभतं बाबांना.”

“खाला, चुकले मी. मला माफ कर. चल, आज कबरीवर मीही येते.”

“तू नको.” खालानं डोक्यावरचं वस्त्र सारखं केलं. “चार शुक्रवार मी गेलेच नाही तिकडे. पन्नास वर्षं बाबांवर विश्वास ठेवला, आणि तुझ्या मोबाइलसमोर तो पाच मिनिटंही टिकला नाही. तुझी माफी राहू दे, वसिला. आधी मला बाबांची माफी मागून येऊ दे.”