खांबावरचा तक्ता

सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नाही, नाम खंडू द्यायचं नाही. एक वाडी दमली की दुसरीने उभं राहायचं. या पाळ्या वर्षानुवर्षं अप्पा लावत. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तक्ता करायचा, छापायचा, देवळाच्या खांबाला खळीने चिकटवायचा. मग पोरं म्हणाली, पेनड्राइव्हवर द्या. मग म्हणाली, मेल करा. यंदा वरचीवाडीच्या सिद्धेशने लिंकच पाठवली. "अप्पानू, आता तक्तो सगळ्यांच्या फोनार. कोणीय बदलूक शकता."

अप्पांची सवय ओरोसच्या कचेरीतली. निवृत्तीच्या सुमारास तिथेही सगळं ऑनलाइन झालं, तरी ते प्रत्येक फाइल आधी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवत. नेट गेलं तर? तसाच हा तक्ताही त्यांनी उतरवला, छापला आणि खांबाला लावला.

त्यानंतर सिद्धेशने फोनवर पाळी बदलली. त्याच्या वाडीची पोरं कुडाळच्या कारखान्यांत कामाला. त्यांना दुपारऐवजी संध्याकाळ हवी होती. खालचीवाडीच्या केयूरने अंगठा दाखवून होकारही दिला. पण खालचीवाडीचे गाणारे सगळे म्हातारे. त्यांनी सकाळी दर्शनाला येऊन खांब वाचला. आपली पाळी संध्याकाळी! जेवून निवांत आडवे झाले.

दुपारी अप्पा सहज देवळात डोकावले. देऊळवाडीची मंडळी सकाळपासून उभी होती. "जरा धरा अप्पानू, येतीतच ते," म्हणत त्यांनी वीणा अप्पांच्या गळ्यात घातली आणि ती जेवायला गेली.

कोणीच आलं नाही. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. गुडघे बोलू लागले, घसा कोरडा पडला. खिशात फोन वाजत होता. एका हाती वीणा, दुसऱ्या हाती चिपळ्या, घ्यायचा कसा? आणि बोलायचं तर नाम तुटतं.

सून रसिका पाणी घेऊन आली. "अगो बाये! एकटेच? वरचेवाडयेचे खंय मेले?"

अप्पांनी मान खांबाकडे नेली, मग खिशाकडे, आणि 'हरी' असा काही ओढला की तिला हसू आलं. "तालात गाळी घालतास काय माका?" म्हणत तिने फोन काढून सिद्धेशला लावला.

"अगो, दुपार खालचेवाडयेची," पलीकडून सिद्धेश. "लिंकीवर आसा मां!"

"लिंकीवर आसा, देवळात नाय. धाड बेगीन कोणाक तरी!"

तिने पदर खोचला आणि सासऱ्यांच्या सुरात सूर मिळवला. खालचीवाडीचे म्हातारे धावत आले तेव्हा त्यांच्या गालांवर चटईचे वळ होते.

"खंडूक नाय मां?" त्यांचा पहिला प्रश्न.

अप्पांनी वीणा दिली आणि खांबाशी बसून नखाने तक्ता खरवडायला घेतला. तेवढ्यात सिद्धेश पोचला.

"चूक झाली अप्पानू. पण तुमीय लिंक परत उघडूक होयी होती."

"होयी होती. म्हणान ह्यो काढतंय. तुझी लिंक ऱ्हवांदे. पण बदललंस काय म्हाताऱ्यांका तोंडान सांग."

संध्याकाळी कीर्तन उभं राहिलं. पूर्वरंग संपून बुवांनी आख्यान लावलं, आणि कीर्तनात कधी पापणी न मिटणारे अप्पा उघड्या खांबाला डोकं टेकून झोपी गेले. जागं करायला सिद्धेश वाकला.

"निजांदे रे," रसिका म्हणाली. "काय होया?"

"फाल्या सकाळची पाळीय बदललंय..."

रसिकाने नुसतं दाराकडे बोट केलं. सिद्धेशने फोन खिशात टाकला, चपला शोधल्या आणि तो खालचीवाडीच्या पाखाडीच्या पायऱ्या उतरू लागला.