जोडीचा हुंकार

झाड पाडणं हे एकट्याचं काम नव्हे. ज्याला शंका असेल त्यानं मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या जुन्या झाडाला एकट्यानं हात घालून बघावा, कंबर आपोआप कबूल करेल. आमच्या गुंद गावात दोघं समोरासमोर उभे राहतात, मध्ये बुंधा. एकाची कुऱ्हाड लाकडात बसली की दुसऱ्याची खाली यायला निघते. घाव बसताना तोंडातून ‘हुं’ निघतो. बघणाऱ्याला वाटतं, गडी दमला. पण तो हुं जोडीदारासाठी असतो. डोळे तर घावावर खिळलेले, तेव्हा समोरच्यानं कुऱ्हाड कधी आणायची हे कानानंच कळतं. माझा जोडीदार येसाजी. आमचा हुं लग्नाआधीपासून जमलेला. माझी बायको केशर म्हणायची, तुमचं खरं लग्न त्या येसाजीशीच झालंय, मी आपली भाकरी भाजायला.

जोडी खंडेनवमीला बांधायची. दोघांच्या कुऱ्हाडी धुऊन, हळदकुंकू लावून, देवापुढं एका दोऱ्यानं बांधून रात्रभर ठेवायच्या. सकाळी सोडल्या की वर्षभर जोडी पक्की. भांडा, रुसा, एकमेकांचं तोंड बघू नका, पण पुढच्या नवमीपर्यंत ती मोडायची नाही. मोडली तर झाड माणसावर येतं, असं आम्ही मानतो. आणि नवमीला जो हजर नाही, त्याची कुऱ्हाड देवापुढं जात नाही. त्याचा जोडीदार दुसरा गडी बघतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्यालाही पोटं आहेत.

ही जर्मनच्या लढाईआधीची गोष्ट. त्या वर्षी शिमगा झाल्यावर जंगलखात्याचा नवा साहेब तोड बघायला आला. नाव मॅके. आम्ही त्याला मकाईसाहेब म्हणायचो, केसही तसेच होते. विलायतेत तो गोल्फ नावाच्या खेळातला पहिल्या नंबरचा गडी होता. बंगल्यात त्याचा चांदीचा मोठा पेला होता आणि तो रोज पुसला जायचा. पण इथं आल्याआल्या एका फांदीनं त्याचा उजवा कोपर चेचला, तेव्हापासून त्या हातात चहाची कपबशीसुद्धा वाजायची. तर हा साहेब उभा राहून माझ्याकडं बघत राहिला. मग लाकडाजवळ आला, वाकला, घावांवरून बोट फिरवलं. माझे सगळे घाव एका रेषेत होते. त्यात काय नवल? रेषा सोडली तर येसाजीचा पाय जाईल की.

दुसऱ्या दिवशी साहेबाचा बटलर तुकाराम आला. खानापूरकडचा माणूस, साहेबाचं बोलणं तोच आम्हाला सांगायचा.

“लखू, तुला बंगल्यावर बोलावलंय. कुऱ्हाड घेऊ नगंस.”

“मग काय घिऊन यू?”

“तूच ये. साहेब तुला खेळ शिकवणार हाय.”

मला वाटलं, थट्टा करतोय.

कुंभारवाडा गावाच्या बाजूला बंगला होता आणि त्याच्यापुढं गवताचा माळ. साहेबानं माळावर जागोजागी भोकं पाडून त्यांत निशाणं रोवली होती. स्वतः वेताच्या खुर्चीवर बसला आणि माझ्या हातात एक काठी दिली, खाली लोखंडाचं बोंड असलेली. समोर कवठाएवढाही नसलेला पांढरा चेंडू. मी पाय रोवले, काठी आवळली आणि ‘हुं’ करून घाव घातला. चेंडू जाग्यावरच राहिला. गवताचं एक ढेकूळ मात्र लांब जाऊन पडला. तुकाराम हसला. साहेब हसला नाही.

“साहेब म्हनतो, तोंड बंद. खेळात आवाज न्हाई करायचा. आनि काठी आवळू नगंस, ती काय पळून जात न्हाई.”

काठी पळत नव्हती हे खरं. पळावंसं मलाच वाटत होतं. पण माळाला कुंपण नव्हतं आणि दाराला कुलूप नव्हतं, तरी जाणार कुठं? कोणत्या गावाच्या जोड्यांना तोडीचं काम द्यायचं ते हाच साहेब ठरवायचा. मी गेलो असतो तर गुंदातली एकही कुऱ्हाड त्या वर्षी जंगलात गेली नसती. गावकऱ्यांनीच मला सांगितलं, “साहेब खूश हाय तंवर ऱ्हा बाबा.” येसाजी तेवढा कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघून गेला.

मग शिकणं सुरू झालं. कुऱ्हाडीत सगळा जोर, इथं जोर लावला की चेंडू वाकडा. डावा हात ताठ. डोकं हलवायचं नाही, खांदे फिरले तरी डोकं जाग्यावर. काठी वर गेली की वरच क्षणभर थांबायचं, घाई करायची नाही. त्या थांबण्यावर साहेबाचा भारी जीव. मी घाई केली की तो डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर आपटायचा आणि म्हणायचा, “ठैरो!” आणि सगळ्यांत अवघड म्हणजे फटका मारल्यावर वर बघायचं नाही. चेंडू कुठं गेला ते बघायची प्रत्येकाला खाज असते. साहेब म्हणायचा, चेंडू गेला तिकडं जाऊ दे, तू तो होता ती जागा बघ.

एकदा एकामागून एक फटके वाकडे गेले आणि मी काठी टाकून दिली. साहेब उठला. कधी नव्हे तो शांतपणे बोलला, आणि तुकारामानंही शांतपणे सांगितलं.

“साहेब म्हनतो, मागचा फटका मेला. मेलेल्याचं सुतक धरायचं न्हाई. पुढला अजून जल्मला न्हाई, त्येची काळजी करायची न्हाई. हितं फकस्त तू आनि चेंडू.”

“आमच्यात सुतक धरत्यात म्हनावं,” मी म्हणालो.

तुकारामानं ते सांगितलं की नाही देव जाणे. पण साहेब चालता चालता आपल्या उजव्या हाताकडं बघत होता, आणि मला वाटलं की सुतक तर हाच धरून बसलाय.

मी नवमीचं त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, चांगला खेळलास तर सोडीन. म्हणून आधी मी मुद्दाम वाईट खेळून बघितलं, की कंटाळून हाकलून देईल. त्यानं एका नजरेत ओळखलं. “वाईट खेळनारा असा सारखा वाईट खेळत न्हाई,” हे तुकारामानं मला सांगितलं. तेव्हा मी खरोखर शिकायचं ठरवलं. पण जसजसा हात बसू लागला तसतसा साहेबाचा चेहरा खुलू लागला. वाईट खेळलो तर शिकेपर्यंत ठेवणार. चांगला खेळलो तर असला गडी कोण सोडतो? इकडं आड तिकडं विहीर, आणि मधल्या काठावर मी काठी घेऊन उभा.

पावसाळ्यात तर जीव नकोसा झाला. आमच्याकडचा पाऊस, माळ दिसेनासा झाला. साहेबानं व्हरांड्यात घोंगडी अंथरली, टोकाला पितळी पेला आडवा ठेवला आणि मला चेंडू त्यात ढकलायला लावलं. दिवसभर तेच. बाहेर पाण्याची भिंत, आत टक, घरंगळणं, टण. गावात भाताच्या लावण्या चालल्या असतील, केशर एकटी चिखलात असेल, आणि मी धडधाकट बाप्या पेला भरत बसलेला.

एकदा केशर आली. डोक्यावर इरलं, काखेत नाचणीच्या भाकरीचं गाठोडं. दारातून बघत राहिली.

“ह्यासाठी ठिवून घेतलंय व्हय तुमास्नी?”

ती बसली आणि गावाकडचं सांगू लागली. गाय व्याली. वरचा बांध फुटला होता, तो येसाजीनं घातला. कुंभारवाड्याचा लाडू नावाचा गडी येसाजीला विचारत होता, औंदा आपली जोडी बांधू म्हणून. येसाजी म्हणाला, नवमीपतोर थांबीन, त्येच्यापुढं न्हाई. ती बोलता बोलता मध्येच थांबली.

“अवो, हुं तरी म्हना. भिंतीसंगं बोलल्यागत वाटतंय मला.”

मी हुं म्हटलं. पण तिनं सांगितल्यावर म्हटलं. ती इरलं उचलून निघाली. मला तिच्यामागं धावत जाऊन रडावंसं वाटलं. तेवढ्यात आतून साहेबाची हाक आली.

पाऊस सरला, आणि नवमी तोंडावर असताना कॅसलरॉकहून रेल्वेचा एक साहेब घोड्यावरून आला. जाडजूड, हसरा. नवमीच्या सकाळी त्याच्यात आणि माझ्यात खेळ लागला. मकाईसाहेबानं सकाळी मला सांगितलं, “जिंकलास तर आजच घरी जा.” मी विश्वास ठेवला नाही. जिंकलेला बैल कोण विकतो?

शेवटच्या भोकापर्यंत आम्ही बरोबरीत आलो. रेल्वेच्या साहेबाचा चेंडू कडेवरून निसटला. माझा चेंडू भोकापासून घोंगडीच्या लांबीवर होता. त्यात गेला की मी जिंकलो. वाकलो तेव्हा डोक्यात एकच गलका: घालू की नको? गेला तर हा मला बेळगावला नेईल, मुंबईला नेईल, कायमचा खेळवेल. नाही गेला तर घोंगडी आहेच. चुकवलं तरी ओळखेल, नाही चुकवलं तरी फसेन. देवा, येसाजी, केशर, सगळ्यांना हाका मारल्या. आणि चेंडूकडं बघितल्याबरोबर डोक्यातलं सगळं थांबलं. मागचं मेलेलं, पुढचं जन्मलेलं नाही. मी काही ठरवलं नव्हतं. हातांनीच ठरवलं. टक, घरंगळणं. मी वर बघितलं नाही. टाळ्या ऐकूनच कळलं.

साहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं डाव्या हातानं माझा हात धरला आणि म्हणाला, “जाव, लखू. घर जाव.”

खरंच सोडलं त्यानं. शब्दाचा पक्का निघाला. ती काठीसुद्धा मला देऊन टाकली. मी तिला दाराबाहेरच्या आंब्याला टेकवून ठेवली आणि गुंदाची वाट धरली. पळतच होतो. वाटेत ओरडलो, हसलो, ओढ्यात तोंड बुडवून पाणी प्यालो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

नवमीच्या दिवशी दुपारी पोचलो. येसाजी देवळाच्या पायरीवर बसला होता. त्याच्या बाजूला दोन कुऱ्हाडी, त्याची आणि माझी. माझ्या कुऱ्हाडीला त्यानं धार लावून ठेवली होती. लाडू समोरच्या झाडाखाली वाट बघत उभा होता.

“आलास?” येसाजी म्हणाला.

“आलो की.”

लाडू आपली कुऱ्हाड घेऊन निघून गेला. त्या वर्षी त्याची जोडी कुणाशीच बांधली गेली नाही. आमच्या कुऱ्हाडी एका दोऱ्यात बांधल्या, नारळ फुटला, आणि केशरनं पहिल्यांदाच मला शिव्या न देता जेवायला वाढलं.

तोड लागली तेव्हा आमच्या वाट्याला जुनी मत्ती आली. दोघं समोरासमोर उभे राहिलो. पहिला घाव येसाजीचा. ‘हुं.’ माझी कुऱ्हाड वर गेली आणि वरच थांबली. क्षणभरच. मग खाली आली, अगदी रेषेत, सुंदर, आणि मुकी. तोवर येसाजीची कुऱ्हाड त्याच्या सवयीनं निघाली होती. लोखंडावर लोखंड आपटलं. त्याचं पातं घसरून त्याच्या नडगीजवळ जमिनीत रुतलं.

“हुं कुठं हाय तुजा?” तो ओरडला.

“ऱ्हायला. आता करतो.”

पुढच्या वेळी मी हुं केला, तो घाव बसून गेल्यावर आला. त्याच्या पुढच्या वेळी आधीच केला, आणि हात वर थांबून राहिला. येसाजी उडी मारून मागं झाला. मी माझ्या हातांना शिव्या घातल्या. घशात हुं होता, पण घावापाशी आला की कुणीतरी खुर्चीच्या दांडीवर आपटत होतं.

येसाजीनं घाम पुसला. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, “तू गप ऱ्हा. तुजा हुं मी म्हनतो. त्यावर मार.”

तसंच केलं. आपल्या घावाला तो हुं म्हणायचा आणि माझ्याही घावाला तोच. दोघांचा श्वास एकटा ओढत होता. त्याच्या कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या. मी त्याच्या हुकमावर घाव घालत राहिलो, डोकं जाग्यावर, डोळे खाचेवर. एक घाव गेला की मेला, दुसरा. खाच मोठी झाली. माझे घाव इतके साफ कधी पडले नव्हते.

वरून कर्र झालं. झाड निघताना आधी शेंड्यात आवाज होतो, आणि त्या आवाजासरशी मान वर जाते, आमच्यात लहानपणापासून जाते. माझी गेली नाही. मी चेंडू होता ती जागा बघत होतो.

येसाजीनं माझी कंबर धरली आणि मला ओढत घेऊन पाचोळ्यात पडला. मत्ती आमच्या पायांशेजारी आपटली. बराच वेळ नुसता पाला पडत राहिला. येसाजी माझी मानगूट धरून हलवत होता.

“वर बघ की रं, लखू! वर बघ!”

मी वर बघितलं. झाड होतं तिथं मोकळं आभाळ होतं.

त्यानं माझी मान सोडली. दोघांच्या कुऱ्हाडी खोडाखाली गेल्या होत्या. त्यांच्याकडं बघत तो हळूच म्हणाला, “अजून वरीसभर हीच जोडी,” आणि माझा येसाजी, ज्याला मी बापाच्या तिरडीमागंही रडताना बघितलं नव्हतं, तो पाचोळ्यात बसून रडायला लागला.