जानेवारीत निवडलेलं छप्पर

मी एक जुना फायबरचा पत्रा आहे, मित्रांनो. नोएडातल्या एका घराच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभा असतो. एके काळी माझ्यातून काचेसारखं आरपार दिसायचं. आता पिवळा पडलोय, कडेला तडाही गेलाय. बघून खरं वाटणार नाही, पण एका माणसाने मला फार प्रेमाने निवडलं होतं. तेच तर माझं दुःख आहे.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचे दाणे वितळवले, लाटले, थंड केले आणि मी तयार झालो. पाऊस अडवायचा आणि ऊन आत सोडायचं, एवढंच काम मला नेमून दिलेलं. तिथून मी रस्त्याकडेच्या एका दुकानात आलो. माझ्या शेजारी एक जाडजूड पांढरा पत्रा होता, पोटात फोम भरलेला. त्याच्याखाली म्हणे उन्हाची झळ लागत नाही. पण दिसायला अगदीच मठ्ठ! मी मनातल्या मनात त्याला हसायचो.

जानेवारीतल्या एका सकाळी अविनाशकाका आणि अलकनंदाकाकू दुकानात आले. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. सगळा संसार दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झालेला. ते घर हिवाळ्यात असं गारठायचं की काकू मटार सोलायला खुर्ची घेऊन बाहेर बसायच्या, आणि ऊन सरकलं की काका त्यांची खुर्ची सरकवून द्यायचे. स्वतःचं घर झालं की तुला उन्हाचं अंगण देईन, असा शब्द त्यांनी काकूंना दिला होता. तो पाळायला ते आले होते.

दुकानदार धीरजने आम्हां दोघांना पुढे आणलं. काकूंनी पांढऱ्या पत्र्यावर हात ठेवला.

"अहो, हा बरा वाटतो. मे-जूनमध्ये पण बाहेर बसता येईल."

"अगं, याने अंगणात अंधार होईल. तुला ऊन हवं ना?"

"ऊन हवंच आहे. पण उन्हाळ्याचं काय?"

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू," काका म्हणाले आणि धीरजकडे वळले. "भैया, यही पक्का करो. मैडम को धूप चाहिए."

काकूंनी हात काढून शालीत घेतला. त्या हसल्या. थंडीने दात वाजत असताना मे महिना कोणाला आठवतो?

रथसप्तमीच्या आत मी अंगणावर चढलो आणि काकूंचं हळदीकुंकू माझ्याचखाली झालं. दिल्लीतल्या त्यांच्या सगळ्या मराठी मैत्रिणी आल्या होत्या. तिळगूळ खाता खाता एकजण वर बघून म्हणाली, "काय मस्त ऊन येतंय गं. आमच्या ह्यांना सुचेल तर शपथ!" काकांची कॉलर ताठ झाली, आणि माझीसुद्धा. त्या दिवसांत काकू जेवण झालं की बाहेर येत, संत्री सोलत, विणायला घेत आणि विणता विणता तिथेच डुलकी काढत. मी त्यांच्या अंगावर ऊन सोडत राहायचो. मला कृतार्थ वाटायचं.

मग एप्रिल आला. मे आला. माझ्याखाली भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. काकू दार उघडायच्या, चेहऱ्यावर वाफ यायची, की परत आत. काकांनी माझ्यावर चुना फासला, तो पहिल्याच धुळीच्या आंधीत उडाला. हिरवी जाळी बांधली, ती फाटली. पत्राच बदलू असं ठरलं. पण तेव्हा उन्हाच्या तडाख्यात कामाला माणूस मिळेना. पुढे पाऊस आला, मग गणपती, मग दिवाळी. आणि दिवाळीनंतर ते गोड ऊन पुन्हा अंगणात उतरलं की काकूच म्हणायच्या, "राहू द्या आता. किती छान वाटतंय." गरज सरो, वैद्य मरो. असे किती उन्हाळे आले आणि गेले.

मग एका मार्चमध्ये काकूंनी अंथरूण धरलं. हृदय थकलं होतं. त्यांची मुलगी रुचिता रजा घेऊन राहायला आली. काकूंचं फार काही मागणं नव्हतं. बंद खोलीत, एसीच्या घरघरीत त्यांचा जीव घुसमटायचा. "मला जरा बाहेर बसवा," एवढंच त्या म्हणायच्या.

"बाबा, हे छत बदला ना यार," रुचिता रडवेली होऊन म्हणाली. "आई बाहेर बसूच शकत नाहीये."

काकांनी धीरजला फोन लावला. तो म्हणाला, "अंकलजी, इस गर्मी में लेबर ही नहीं है. थोड़ा टाइम दीजिए."

वेळच तर नव्हता.

एका सकाळी काकूंनी हट्टच धरला. काका पहाटेपासून पाइपने माझ्यावर पाणी मारत होते, ओली पोती टाकत होते. कुंडीतला मोगरा फुलला होता. दोघांनी काकूंना उचलून खुर्चीत बसवलं. त्यांनी मोगऱ्याकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला. तेवढ्यात ऊन वर आलं, पोती कडकडीत वाळली. काकूंचा चेहरा लाल झाला, घामाच्या धारा लागल्या. त्या घटकेला मला वाटलं, आपण काळं व्हावं, जाड व्हावं, मठ्ठ व्हावं, काहीही व्हावं. पण मित्रांनो, पत्र्याला स्वतःला बदलता येत नाही.

"अहो, आत न्या. सहन नाही होत."

काकांचं तोंड उतरलं. ते पाहून काकूंनी त्यांचा हात धरला. "थंडीत बसेन ना मी. तुम्ही आणलेलं ऊन फार छान येतं इथे."

त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. पाऊस पडायच्या आधीच गेल्या.

दिवसकार्य उरकलं आणि धीरजची माणसं पांढरा पत्रा घेऊन दारात उभी राहिली. काकांनी काकूंची खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "लगा दो."

आता भर जूनमध्येही अंगण गार असतं. काका तिथे दोन खुर्च्या मांडतात आणि एकीवर बसतात. भंगारवाल्याने मला मागितलं तेव्हा ते म्हणाले, "ये नहीं देना. मैडम की धूप इसी में से आती थी." थंडीत नव्या छपराखाली अंधार असतो. मग काका काकूंची खुर्ची छपराच्या बाहेर ओढतात, जिथे उन्हाचा एक पट्टा पडतो तिथे. पट्टा सरकला की रिकामी खुर्ची सरकवतात. मी भिंतीला टेकून बघत असतो.

मित्रांनो, मी जड मनाने एवढंच मागतो. छप्पर निवडायचं तर भर मे महिन्यात, डोक्यावर ऊन असताना निवडा. माणसं आपल्याजवळ थंडीपुरती नसतात. आणि त्या छपराखाली जे बसणार आहे, त्याने दुकानात कशावर हात ठेवलाय, तेवढं आधी बघा.